बाकावरच्या बारा खुणा

“अहो, उठा! रंग ओला आहे!”

ती ताडकन उठली. बाकाला बोट लावून पाहिलं… कोरडा ठणठणीत. समोर एक उंच माणूस, खांद्याला नकाशांचं नळकांडं अडकवून, खुशाल हसत उभा!

“हा तर कोरडा आहे.”

“माहीत आहे हो. पण अनोळखी माणसाशी बोलायला काही निमित्त नको का?”

तिला हसायचंही त्राण नव्हतं. पर्यावरणाला जपणाऱ्या वसाहतींना प्रमाणपत्र मिळतं, त्याआधी सगळं तपासायचं काम तिचं. वर्षातली ही एकोणतिसावी वसाहत. पाय असे ठणकत होते की चपला काढून जरा टेकली होती, तेवढ्यात हा आगाऊ! आणि आगाऊपणा करायला तो मोकळाच होता म्हणा, कारण हा चौक, हे बाक त्यानंच आखलेले.

“नकाशावरची माणसं फार गप्पिष्ट असतात,” शेजारी बसत तो म्हणाला. “खरी येतात आणि फोन काढून बसतात.”

मेख तिथेच होती. प्रमाणपत्राच्या फॉर्मात एक रकाना होता, ‘सामाजिक मूल्य’. म्हणजे काय, तर एकमेकांना न ओळखणारी माणसं इथे पाच मिनिटं तरी बोलतात का? पंधरा दिवसांत दहा वेळा बोलली तर चौक पास. नाहीतर बिल्डरनं सांगूनच ठेवलेलं, बाक उखडून गाड्या लावू. मोजणी तळमजल्यावरच्या काकूंकडे. खिडकीत विणता विणता त्या वहीत खुणा करायच्या.

ती रोज संध्याकाळी काम उरकून बाकावर यायची. तो बहुतेक असायचाच.

“आज काय तपासलंत?”

“पाण्याची तिसरी टाकी. आत उंदीर निघाला.”

“त्यालाही प्रमाणपत्र देऊन टाका. पाणी किती जपून वापरत असेल बिचारा!”

ती हसली. इतक्या महिन्यांनी हसली की गाल दुखले. आणि एक सांगू? उन्हाची बाजू तो न बोलता स्वतःकडे घ्यायचा. पोरींनो, असल्या गोष्टी लक्षात येतातच.

पंधराव्या दिवशी काकूंनी वही पुढे केली. “चौदा! चौक पास, बाई!”

तिनं पान उलटलं. ‘चष्मेवाली आणि नळकांडंवाला, चाळीस मिनिटं.’ खाली पुन्हा तेच. बारा वेळा तेच!

“काकू, अहो ही मी आहे! आणि आम्ही अनोळखी कुठे?”

“बारा दिवस कान देऊन ऐकतेय. एकमेकांचं नाव विचारलंत का? मग अनोळखीच की!”

वही घेऊन ती बाकावर आली. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यानं वही वाचली. बोटानं बाराही खुणा मोजल्या.

“खोडा,” शेवटी म्हणाला.

“दोनच उरतील. तुमची तीन वर्षांची मेहनत…”

“खोटं बोलून वाचवलेल्या बाकावर बसायचं कसं, सांगा.”

तिनं एकेक ओळ खोडली. बाराच्या बारा. मग खाली काहीतरी लिहून वही त्याच्याकडे सरकवली.

‘या चौकाच्या रचनाकारात माझा जीव गुंतला आहे. सबब, पुढील तपासणी व नवी मोजणी दुसऱ्या कोणाकडे द्यावी.’

तो कानापर्यंत लाल झाला. “हे… हे ऑफिसात जाणार?”

“उद्या सकाळी.”

“मला आधी सांगायचं तरी!”

“आधी मलाच कुठे माहीत होतं…” तिनं चष्मा काढून डोळे चोळले. “इतक्या वसाहती पाहिल्या. परत जावंसं एकाही ठिकाणी वाटलं नाही. दमलेय हो मी.”

“नवी मोजणी म्हणजे अजून पंधरा दिवस!” तो एकदम सरसावला. “दारोदार जातो, एकेकाला खाली आणतो, आत्ताच निघतो—”

“आज नको रे…” तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. “आज नुसता बस.”

तो बसला. दिवे लागले तरी हलला नाही. ती गाढ झोपली होती.