कारल्याचे तणावे

सोलापूरचं ऊन कुणाची भीड ठेवत नाही. साल एकतीसचं, त्या उन्हाळ्यात शकुंतलेच्या घराची पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापे, आणि नेमका त्याच भिंतीआडच्या खोलीत तिच्या लेकीचा, प्रभेचा पाळणा. आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. ही तिसरी पाच महिन्यांची झाली होती. भिंत गार राहावी म्हणून शकुंतलेने बाहेरून कामट्यांची जाळी बांधली आणि तिच्यावर कारल्याचा वेल चढवला.

"आता वेलाचीही दृष्ट काढा," तिचे यजमान, मास्तर, म्हणाले.

"हसा तुम्ही! लेक सुखाने झोपते ना?"

एका दुपारी गिरणीचा भोंगा झाल्यावर ती कारली तोडायला गेली. वेलाचे दोऱ्यासारखे तणावे हाताशी येईल त्याला विळखा घालतात, कामटी म्हणा, सुतळी म्हणा. पण खिडकीजवळ, जाळीपासून हातभर दूर, दहाबारा तणाव्यांनी घट्ट वेढे घातले होते... आणि वेढ्यांच्या आत काहीच नव्हतं. काही वेढे बोटाएवढे होते. एक जरा मोठा होता. तिने मनगट त्याच्याशी धरून पाहिलं. तेवढाच होता तो!

तिने विळा आणला आणि एका दमात सगळे तणावे सपासप कापून काढले.

एवढ्यात दूध घालणारी मल्लव्वा आली. तिने खाली पडलेला एक वेढा उचलला, आणि तिचा चेहराच उतरला.

"अक्का... तुमी कापलं व्हय हे?"

"मग काय करू? माझ्या लेकीच्या खिडकीशी उभं होतं काहीतरी!"

"खिडकीशीच हुतं की..." मल्लव्वाचा आवाज खाली गेला. "आत न्हवतं. येलानं धरून ठिवलं हुतं त्येला..."

शकुंतला किंचाळत आत धावली. पाळणा स्थिर होता. प्रभा जागी होती आणि वर बघून खुदखुदत होती. तिचा इवलासा हात उंच होता, मूठ अर्धवट मिटलेली. शकुंतलेने तो हात खाली ओढला. येईना. तिने बोटं मिटून पाहिली, तर मूठ पुरती मिटेना. मध्ये काहीतरी होतं, बोटाएवढं जाड, गार... आणि प्रभा ते सोडायला तयार नव्हती.