रहाटाच्या खोपीतली सायकल

तुमचा विश्वास बसणार नाही. बसला, तर माझ्याच सांगण्यात काहीतरी चुकलं म्हणेन! पण आमच्या या नागावच्या वाडीतून, या विहिरीपासून वीतभरही न हलता, माझी पुतणी सायकलने महाबळेश्वरला जाऊन आली. येताना स्ट्रॉबेरी आणायची तेवढी विसरली.

चहा येतोय आतून. तोवर ऐका.

हेमाली म्हणजे माझा धाकटा भाऊ दिनानाथ, त्याची मुलगी. तुम्ही पाहुणे म्हणून उतरला आहात ते घर त्याचंच. पोरीला वेड एकच, बोटाएवढ्या टायरच्या रेसच्या सायकलचं. डिसेंबरात पुण्याला शर्यत होती. तिथे चमकली की राज्याच्या संघात जागा.

आणि भर श्रावणात, रेवदंड्याच्या रस्त्यावर, एका खड्ड्यानं घात केला. पाणी भरलेला खड्डा… वर ढग, आत ढग, कळणार कसं? हेमाली चिखलात. मागून येणारा टेम्पो करकचून थांबला. एक तरणाबांड पोरगा उडी मारून धावत आला, तो थेट सायकलकडे! चाक फिरवलं, कान लावून ऐकलं.

"रिम वाकली नाही!" तो आनंदानं म्हणाला.

"वा! आणि मी?"

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. पापण्यांवर पाऊस, गालावर चिखल.

"तुम्ही… तुम्हीपण वाकलेल्या वाटत नाही."

हेमाली हसली. मी तिथे नव्हतो, पण मला दिसलं. हा हरेश्वर, अलिबागला त्याचं सायकलचं दुकान. टेम्पोतून तिला घरी सोडलं त्यानं. वाटभर दोघं समोरचा वायपर बघत होती. वायपर इतका बघण्यासारखा असतो हे मला तेव्हा कळलं.

चिखलानं माखलेली लेक पाहून दिनानाथ कडाडला, "दिवाळीपर्यंत सायकल रस्त्यावर काढायची न्हाय!"

तोवर पायांचं घावन होणार! म्हणून दुसऱ्याच दिवशी हेमाली दुकानात.

"घरात बसल्या जागी चालवता येईल असं काहीतरी द्या."

"ट्रेनर हवा तुम्हाला. पण असा घाईत निवडू नये, मॅडम."

"मला घाई आहे. आणि मॅडम कोण? हेमाली."

"मग तर अजिबातच घाई करू नये… हेमाली."

पहिला ट्रेनर दिला तो मागचं चाक रोलरवर टेकवून चालवायचा. माळ्यावर अशी घरघर सुरू झाली की खालचे पाहुणे गव्हाचा डबा घेऊन वर आले, त्यांना वाटलं गिरणी लागली. तो परत. दुसरा म्हणजे नुसते तीन रोलर, त्यावर सायकल ठेवून तोल सांभाळायचा. तोल गेला, आणि हेमाली खिडकीतून थेट केळीच्या घडाला बिलगली! तोही परत. तिसरा विजेवरचा, मोबाइलवर डोंगर दाखवायचा. चढाच्या मध्यावर लाईट गेली, पोरगी संध्याकाळपर्यंत घाटात अडकून.

दर वेळी हेमाली परत दुकानात. दाराशी तिच्यासाठी एक स्टूल आलं. तिच्या पिशवीत नारळाच्या वड्यांचा डबा आला.

"हापण नको?" हरेश्वर वडी तोंडात टाकत विचारायचा.

"तुम्हीच दिलात."

"मग मीच बदलून देतो."

"किती ट्रेनर आहेत हो जगात?"

"तुम्ही कंटाळेपर्यंत पुरतील."

"आणि नाहीच कंटाळले तर…?"

असं ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकाच्या सायकलचं डावं पेडल उजवीकडे बसलं.

गणपती आले, गेले. पावसाला खंड नव्हता आणि हेमालीचे पाय मात्र जड होत चालले होते. एक दिवस ती गेली तेव्हा हरेश्वर टपरीवर चहा आणायला गेलेला. आतल्या पडद्यामागे त्याची स्वतःची सायकल उभी होती. मागचं चाक काढलेलं, साखळी थेट यंत्राला जोडलेली. वायर नाही, काही नाही. तिनं बसून पाय मारले… आवाजच नाही. नुसता पत्र्यावरचा पाऊस.

हरेश्वर दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन दारात थबकला.

"हा कधीपासून आहे इथे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग?"

"हा दिला असता तर… तू परत आली नसतीस."

त्या 'तू'ची ती किती दिवस वाट बघत होती! आणि आला तो असा. तिचे डोळे भरले.

"मला तू आवडतोस की नाही ते नंतर, हरेश्वर. पण हे पाय माझे आहेत. त्यांना तू का थांबवलंस?"

चहा तसाच राहिला. वड्यांचा डबासुद्धा.

मग चार-पाच दिवस गेले. हेमाली नुसती खिडकीतून रस्ता बघायची. आणि एका दुपारी टेम्पो आला. हरेश्वर तो ट्रेनर एका हातानं पोटाशी धरून भिजत उभा, दुसऱ्या हातात वड्यांचा रिकामा डबा. दिनानाथ जिन्यात वाट अडवून उभा.

"आता एकपन यंत्र माळ्यावर जायचं न्हाय! आन् बसल्या जागी पाय मारून कुठं पोचतं मानूस?"

मी म्हटलं, "दिना, आपला बाप पायरहाटावर बसून जन्मभर पायांनीच विहिरीचं पाणी काढत होता. कुठं पोचला?"

"कुठं न्हाय."

"पण ही वाडी कुणी उभी केली?"

दिनानाथ वळला. आत गेला आणि विहिरीवरच्या रहाटाच्या खोपीची चावी आणून त्यानं लेकीच्या हातात ठेवली.

हरेश्वरनं खोपीत ट्रेनर बसवला. प्रत्येक नटाला तेल लावलं. जायला निघाला… तेव्हा हेमाली सायकलच्या हँडलकडे बघत म्हणाली,

"खाऱ्या हवेत गंजेल ना हे?"

"गंजेल."

"मग आठवड्याला तेल घालायला यावं लागेल."

"आठवड्यानं भागायचं नाही," तो हळूच म्हणाला. "रोज लागेल."

मग काय! रोज हरेश्वर तेलाची बाटली घेऊन हजर, आणि पोरगी पाय मारतेय, पाय मारतेय. अंतर मोजलं तर महाबळेश्वरला जाऊन परत! मी गंमत म्हणून जुना रहाट पट्ट्यानं तिच्या सायकलला जोडून दिला. हसू नका! नारळी-पोफळी न्हाल्या, शेजाऱ्यांच्या वाड्या न्हाल्या. तिकडे रेवदंड्याच्या खाडीत होड्या टेकल्या तळाला. तरी ती थांबेना. शेवटी रहाटाला बांधलेल्या मडक्यातून हातभर जिताडा मासा उसळला, आणि पडला तो नेमका हरेश्वरच्या मांडीवर!

डिसेंबरात ती पुण्याहून आली ती गळ्यात पदक घालून, राज्याच्या संघात जागा घेऊन. घरात पाऊल न टाकता थेट खोपीत. हरेश्वर नेहमीसारखा तेल घालत होता. त्यानं पाना खाली ठेवला, पुढे झाला, तिचा हात हातात घेतला आणि धीटपणे म्हणाला, "हेमाली, माझ्याशी लग्न करशील?" आणि आमची हेमाली… लाजून लाजून पदराआड—

"साफ खोटं, काका!"

चहाचा ट्रे घेऊन हेमाली दारात उभी. तिच्या मागे बिस्किटांची बशी धरलेला हरेश्वर, कानापर्यंत लाल.

"पदर कुठून आला? सायकलच्या चड्डीत होते मी! आणि ह्यानं काय विचारलं? हा पाना धरून नुसता उभा, तोपण पाडला विहिरीत. जिताड्याचं मी काही बोलत नाही. पण लग्नाचं मी विचारलं होतं, मी!"