तीसच्या खालचा सूर

नवी गाडी घरी आली की पहिले चार दिवस माणूस तिचं कौतुक करतो आणि पाचव्या दिवसापासून नावं ठेवायला लागतो. पियानो सुरात लावून देणाऱ्या या गृहस्थानं तर दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. समोरचा स्क्रीन उन्हात कोरा दिसतो. दाराच्या खणात बाटली आडवीच ठेवावी लागते. चार्जिंगची वायर अजगरासारखी जाड, गुंडाळता गुंडाळता हात भरून येतात. मात्र डिकी ऐसपैस होती. त्याची अवजारांची पेटी, बायकोची खोकी आणि मुलीची छोटी सायकल तिच्यात सहज मावत होती. बायको दातांच्या कवळ्या बनवायची आणि शहरभरच्या दवाखान्यांत पोचवायची, त्यामुळे तिचं मत वेगळं होतं. "वळणावर एकही कवळी खुळखुळत नाही," ती म्हणाली, "मला आणखी काय हवं?"

विजेवरची गाडी त्यानं घेतली ती कानांसाठी. जुनी गाडी इतकी घरघरायची की गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर अर्धा तास त्याला नुसतं बसून राहावं लागे. कानातली घरघर विरली की मगच तो पियानोचं झाकण उघडायचा. त्याचं पोट हातावर नव्हतं, कानांवर होतं. त्यामुळे पहिल्यांदा नवी गाडी हमरस्त्याला लागली आणि टायरांची सरसर सोडून काही ऐकू येईना, तेव्हा त्याला अक्षरशः भरून आलं.

ती शांतता अर्थात फार वेळ टिकायची नाही, कारण मागच्या सीटवर टकळी असायची. मुलगी सात वर्षांची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, घरात सगळे टकळीच म्हणत. डोळे उघडले की तोंड उघडायचं ते रात्री झोपेपर्यंत. पुढचे दोन दात पडल्यापासून प्रत्येक वाक्याला बारीक शिट्टीची साथ मिळायची. वाक्य संपलं की घाईनं दम घ्यायचा, फटीतून शीळ वाजायची आणि लगेच पुढचं वाक्य.

गाडीची एकच खोड त्याला खरोखर खुपली. वेग तीसच्या खाली आला की ती गुणगुणायची. माहितीपुस्तकात लिहिलं होतं की ही गाडी आवाज करत नाही, म्हणून रस्त्यानं चालणाऱ्याला चाहूल लागावी यासाठी कंपनीनं हा आवाज मुद्दाम बसवला आहे. तीसच्या वर गेलं की तो आपोआप थांबतो. बायकोला तो फ्रीजसारखा वाटायचा. ह्याला मात्र तो सूर वाटायचा, आणि तोही उतरलेला. पियानोवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा, म्हणजे पांढरी पाचचा सूर, पण केसभर खाली. नेमका लागला असता तर त्यानं सोडून दिलं असतं, फार चुकला असता तरी सोडून दिलं असतं. केसभर चुकलेला सूर म्हणजे त्याला बुटातला खडा.

दुसऱ्या रविवारी सकाळी बाजार बंद होता. बाजाराच्या मागचं वाहनतळ रिकामं होतं. टकळीला घेऊन तो तिथं गाडी पंधराच्या वेगानं गोल गोल फिरवत होता, पार्किंगचा सराव म्हणून. टकळी गाडीबरोबर गुणगुणायला लागली.

"उतरलीस," तो म्हणाला.

"मी नाही, गाडी उतरलीय. मी तिच्यासारखंच म्हणतेय."

"मग तिच्यासारखं म्हणू नकोस. तू खरा सूर धर." त्यानं खिशातला नादकाटा स्टिअरिंगवर आपटून तिच्या कानाशी नेला. "हा. गाडी कुठंही जाऊ दे, तू इथून हलायचं नाही."

टकळीनं सूर धरला. दोन सूर जवळजवळ असले की त्यांच्यात एक थरथर उठते, वाँव वाँव वाँव अशी. पियानोच्या तारा तो याच थरथरीवरून लावायचा. एक तार पक्की धरायची, दुसरी हळूहळू पिळत न्यायची, थरथर मंद होत होत नाहीशी झाली की दोन्ही तारा एक. तो त्याचा रोजचा रियाज, हातात भिनलेला. त्या सकाळी पक्की तार म्हणून त्यानं आपली मुलगी धरली.

सातव्या-आठव्या फेरीला थरथर मंदावली. दहाव्या फेरीला नाहीशी झाली.

पोर दमून खाली आली असणार, असं त्याला वाटलं. त्यानं नादकाटा पुन्हा वाजवला. टकळी जागच्या जागी होती. गाडी वर आली होती.

खरं तर तिथंच त्यानं गाडी थांबवायला हवी होती. पण ज्याचा जन्म बेसूर वस्तू सुरात आणण्यात गेला, असा माणूस तो. त्याला झाला तो निखळ आनंद. "वा गं वा," तो म्हणाला, कोणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्यानं आणखी दहा फेऱ्या मारल्या.

त्या आठवड्यात घर जरा शांत झालं. टकळी बोलायची, पण वाक्यं आखूड झाली. जेवताना शाळेतलं रामायण सुरू व्हायचं आणि मध्येच विझायचं. आधी त्याला बरंच वाटलं. दिवसभर तारा ऐकलेल्या कानांना तेवढीच विश्रांती. या गोष्टीबद्दल पुढं त्यानं स्वतःला कधी माफ केलं नाही. बायकोच्या ते आधी लक्षात आलं.

"अरे, हिचा आवाज बसलाय का?"

"ओरडली असेल शाळेत."

"ओरडली असती तर घसा खरखरला असता. हा खरखरत नाहीये. हा कमी झालाय."

शुक्रवारपर्यंत टकळीची नुसती कुजबुज उरली. सोमवारी तीही गेली. ओठ हलायचे, शब्द नीट आकाराला यायचे, पण त्यांत हवा सोडून काही नसायचं. कानाघशाच्या डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं, पडद्यावर दोघांना दाखवलंही. "सगळं ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घरात काही घडलंय का? भांडण वगैरे?"

घरात काहीही घडलं नव्हतं. टकळी घाबरलेलीही नव्हती. घशाला हात लावून ती आईकडे बघायची आणि खांदे उडवायची, सापडत नसलेल्या खोडरबराबद्दल उडवावे तसे.

बुधवारी सकाळी बायको खोकी घेऊन निघाली. टकळी स्वयंपाकघरात पोळी कुरतडत बसली होती. तो वरच्या खिडकीत उभा होता आणि बायको गाडी मागं घेत फाटकाबाहेर काढत होती. गुणगुण वर आली. पांढरी पाच, अगदी नेमकी, गोल, उबदार. त्याचा कान सवयीनं तिच्यामागं गेला.

सूर मध्येच तुटला. निमिषभरच. त्या फटीत बारीक शीळ वाजली आणि सूर पुन्हा सुरू झाला.

गाडीनं दम घेतला होता.

तो खाली धावला. टकळी पोळी हातात धरून खिडकीकडे बघत होती. ओठ मिटलेले होते.

दुपारी तो एकटाच गाडी घेऊन दुरुस्ती केंद्रावर गेला. तिथल्या मेकॅनिकनं गाडीला संगणक जोडला, खालवर पाहिलं आणि मान हलवली. तो मध्यमवयाचा, शांत माणूस होता. त्याचे हात स्वच्छ होते आणि नखांभोवती जुनं काळं राहिलेलं होतं.

"आवाज बदलत नाही साहेब. एकच ठरलेला आवाज आहे. चालकाला बदलता येत नाही, आम्हालाही नाही."

"आधी उतरलेला होता. आता बरोबर झालाय."

"बरोबर झाला, तर मग तक्रार काय आहे?"

"जरा चालवून बघा," तो म्हणाला.

मेकॅनिकनं काच खाली केली आणि आवारात गाडी हळूहळू फिरवली. एक फेरी झाली, दोन झाल्या. तिसऱ्या फेरीला तो थांबला, उतरला आणि बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते.

"घरात लहान मूल आहे का साहेब?"

"मुलगी आहे. सात वर्षांची."

मेकॅनिक पुढं काही विचारणार होता, पण त्यानं विषय बदलला. "हे बघा, हा आवाज काही तुमच्या एकट्याच्या गाडीत नसतो. कंपनी इंटरनेटवरून पाठवते, आणि सगळ्या गाड्यांत एकच असतो. बदलला तर सगळ्यांचा बदलतो. तुमचा एकट्याचा बदलेल कसा? थांबा, दाखवतोच."

समजूत काढायची म्हणूनच त्यानं हे केलं. शेजारी दुसऱ्या कोणाची तरी तशीच गाडी धुऊन उभी होती, लाल रंगाची. तो तिच्यात बसला आणि आवाराच्या टोकापासून सावकाश पुढं आला.

पांढरी पाच. शीळ. पांढरी पाच.

"बघा," मेकॅनिक काचेतून म्हणाला. "सारखाच आहे." पण तो हसला नाही.

थोड्या वेळानं त्यानं स्वतःहून सांगितलं, "पूर्वी या आवाजाच्या फार तक्रारी यायच्या. लोकांना ऐकूच यायचा नाही म्हणे. गेल्या आठ-दहा दिवसांत एकही आली नाही. आता माणसं लगेच वळून बघतात."

त्यानं गाडीची चावी मेकॅनिकच्या हातात ठेवली आणि तो चालत घरी आला. सगळं बायकोला सांगितलं. तिनं त्याला वेड्यात काढलं नाही, आणि त्याची त्याला जास्त भीती वाटली. ती टकळीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

"गाडी गेली ना घरातून?" ती शेवटी म्हणाली. "मग येईल आवाज. यायलाच हवा."

दुसऱ्या दिवशी टकळीला शाळेत सोडायला तो पायीच निघाला. छान ऊन पडलं होतं. टकळी त्याचं बोट धरून फरशीच्या रेषा चुकवत चालत होती. शाळेच्या अलीकडच्या चौकात दोघं थांबले.

वळणावरून एक पांढरी गाडी आली. तशीच. वळताना तिनं वेग कमी केला.

टकळीची मूठ त्याच्या बोटाभोवती थरथरली.

तो खाली बसला आणि त्यानं दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली, पियानोच्या फळीवर ठेवावीत तशी. तोंड मिटलेलं होतं. आवाज नव्हता. पण आत, कातडीखाली, सूर चालू होता. गाडी वळण संपवून वेगात निघून गेली आणि गळा निवला. टकळीनं मोठा श्वास घेतला.

"दुखतं का गं?"

तिनं मान हलवली. नाही.

मग लाल गाडी आली. तीही वळणावर हळू झाली. गळा पुन्हा थरथरला. ती गेली, टकळीनं पुन्हा दम घेतला, या वेळी घाईनं.

मग पलीकडून दोन आल्या. त्यांच्यामागं आणखी एक. शाळेची वेळ होती. बरेच जण आपापल्या मुलांना घेऊन आले होते. गाड्या एकीमागं एक सरकू लागल्या. चौकभर एकच सूर भरला, नेमका, गोल, उबदार. कुठंही थरथर नव्हती. सगळ्या गाड्या एकमेकींशी तंतोतंत लागल्या होत्या.

त्याच्या बोटांखालचा गळा थांबेना.

तो वाट पाहत राहिला. आता श्वास घेईल, आता घेईल. टकळीची छाती वर आली नाही. गाड्यांतला सूर तुटायचा, शीळ वाजायची, पुन्हा सुरू व्हायचा. दम त्याच घेत होत्या. टकळीच्या ओठांचा रंग बदलायला लागला. तिनं त्याची बाही धरली.

तिला उचलून तो फिरला. ज्या रस्त्यानं दोघं आले होते, त्या रस्त्यानंही गाड्या येत होत्या.

तो रस्त्यात शिरला. एका हातानं मुलीला छातीशी धरून दुसरा हात जिवाच्या आकांतानं हलवू लागला. "जा! जोरात जा! थांबू नका! अहो, पळवा गाडी!"

पुढच्या गाडीतल्या बाईनं काचेतून पाहिलं. रस्त्यात एक घाबरलेला माणूस आणि त्याच्या कडेवर लहान मुलगी. तिनं केलं ते कोणीही भल्या माणसानं केलं असतं, आणि तिच्यामागच्या प्रत्येकानं तेच केलं.

त्यांनी वेग आणखी कमी केला.