हिरवं संत्रं

रोपवाटिकेत संत्र्याचं एकच रोप उरलं होतं. त्याची कुंडी एका बाजूने तिने धरली होती, दुसऱ्या बाजूने त्याने.

“सोडा ना,” ती म्हणाली.

“तुम्ही सोडा. माझ्या आईची बोटं आखडतात. या संत्र्याची साल म्हणे नुसता हात लावला की सुटते.”

“आणि ऊन आहे का तुमच्याकडे?”

त्या वायरमनची पकड जरा सैल झाली. गावभर उजेड करणाऱ्या त्या माणसाच्या खोलीला धड खिडकीही नव्हती.

“माझी शिवणाची खोली गच्चीला लागून आहे,” ती हसली. “झाड माझ्याकडे राहू दे. पहिलं फळ तिघांत!”

मग काय... झाडाला पाणी घालायचं निमित्त झालं. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, कळलंच नाही. पुढे एक फळ धरलं — एकच. तिने मनाशी ठरवलं, हे केशरी झालं की त्याला सांगून टाकायचं.

पण फळ आपलं हिरवंच! ती मशीन सोडून उठायची, फळ बघून यायची आणि उलटीच शिलाई घालायची.

“तोडू का?” तो विचारायचा.

“हात लावून तर बघ! कच्चं आहे.”

आणि आज तो आईला घेऊन आला, तो निरोप घ्यायला. दूरच्या शहरात नोकरी लागली होती. उद्या आई नि सामान टेम्पोत घेऊन निघायचं होतं.

“अरे वा,” ती म्हणाली, आणि गळ्यात टेप असताना टेप शोधू लागली.

“केशरी झालं की कळव... येईन मी.”

“झालंच नाही तर?”

तेवढ्यात घमघमाट सुटला. आईने फळ तोडून सोलायलाही घेतलं होतं.

“अहो मावशी, कच्चं आहे ते!”

“कच्चं? साल बघ कशी सैल झालीय. कधीचंच पिकलंय. इथे थंडी कुठे पडते रंग चढायला? आणि तुम्ही दोघं रंगाची वाट बघत बसलात!”

आखडलेल्या बोटांतून साल अलगद निघाली. आईने दिलेली फोड तिने तोंडात टाकली आणि तिचे डोळेच भरून आले... इतकी गोड.

“झाड अर्धं माझं आहे,” तो चाचरत म्हणाला. “कुंडी... घेऊन जाऊ?”

“ने ना. पण त्याला माझ्या हातचंच पाणी लागतं.”

“आणि तुझं मशीन?”

“टेम्पोत मावेल तेही.”

“अगं, मग मी कुठे बसू?” शेवटची फोड तोंडात टाकत आईने विचारलं.