मास्तरांच्या हातातला दोर

गडाच्या सगळ्यांत वरच्या दरवाज्याची कमान तडकली होती. ती सावरता येईल की उतरवावी लागेल, हे पाहायला जुन्या दगडी बांधकामांची डागडुजी करणारा जावई निघाला होता. दोर धरायला त्याची बायको होती. आणि दोघांनी नको नको म्हटलं तरी तिचे वडील, मोटार शिकवणारे मास्तर, लुडबुडायला हजर होतेच!

मास्तरांचा जन्म शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर गेला होता. तिथे त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असे. शिकणारा जरा चुकतोय असं वाटलं की आधी पाय दाबला जाई, विचार मागून येई. घरात कुणी पातेलं जोरात ठेवलं तरी ते पाय आपटत.

वर पोचल्यावर मात्र सगळे जागीच थबकले. कातळात कोरलेल्या पायऱ्यांपैकी मधल्या चार-पाच केव्हाच कोसळल्या होत्या. खाली दरी, आणि पलीकडे हाकेच्या अंतरावर कमान! जावयाने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक एका दगडी खांबाला वेढा देऊन बायकोच्या हाती दिलं. मास्तरांनी ते सरळ काढून घेतलं. आजवर किती जणांचे जीव सांभाळलेत, हेही ऐकवलं. लेक बोलणार होती, पण नवऱ्याने तिला डोळ्यांनी गप्प केलं. सासऱ्यांचा मान राखायला नको?

"बाबा, मी उडी मारताना दोर सैल सोडायचा," त्याने बजावलं. "ओढायचा नाही."

"अहो जावईबापू, तेवढं कळतं मला."

जावई मागे सरला. धावला. झेपावला! तो अधांतरी दिसला मात्र, मास्तरांचा उजवा पाय दाणकन आपटला आणि हात मागे खेचले गेले. दोर ताठ झाला! पलीकडच्या पायरीला बोटं लागता लागता जावई मागे ओढला गेला, कातळावर आदळला आणि दिसेनासा झाला.

लेक कड्यावर पालथी पडून खाली डोकावली. "जिवंत आहेत! खांदा निखळलाय. खाली कपार आहे, बाबा. दोर हळूहळू सोडा."

मास्तरांच्या मुठी उघडेनात. पाय अजून जमीन दाबत होता. याच हातांनी त्याला पाडलं होतं, आणि आता याच हातांवर त्याचा जीव होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, सोडा!"

त्यांनी वीतभर सोडला. आणखी वीतभर. दोर करकरला. तळहात सोलपटले. तरी ते सोडत राहिले. अचानक दोर हलका झाला. जावयाचे पाय कपारीला टेकले होते!

लेक बाजूच्या घळीतून उतरली आणि ओढणीच्या झोळीत हात बांधून नवऱ्याला वर घेऊन आली. कमान समोरच होती, पण आता तिचं नावही कुणी काढलं नाही. उतरताना जावई कण्हत होता आणि मधूनच सासऱ्यांना जपून पाय टाकायला सांगत होता. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं मास्तरांना वाटलं.

पायथ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हे कसं झालं म्हणून विचारलं.

"उडी चुकली माझी," जावई चटकन म्हणाला. लेक भिंतीकडे बघत राहिली.

गप्प बसलं की भागत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण लाजेने मास्तरांना तिथे उभं राहवेना.

"उडी बरोबर होती," ते म्हणाले. "दोर मी ओढला. आणि लेकीच्या हातातून तो मीच हिसकावून घेतला होता."

लेकीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांची मान काही वर झाली नाही.