बर्फाची पेटी

जेजू बेटावरच्या कत्तलखान्याच्या दारात मी एका माणसावर आदळले आणि माझी बर्फाची पेटी उघडली. मांसाचे इवलेसे तुकडे भरलेल्या नळ्या फरशीवर घरंगळल्या. त्यानं त्या शांतपणे वेचून दिल्या.

"एवढंसंच मांस? पाहुणे फारच कमी जेवणारे दिसतात."

"हसू नका. प्रयोगशाळेत पोचायला उशीर झाला तर सगळं वाया जाईल... आणि बस तर गेली."

त्याचं नाव बु चान-उ. खानावळींना काळ्या डुकराचं मांस पोचवायचा. त्यानं आपल्या छोट्या ट्रकचं दार उघडलं – "बसा, डॉक्टरीणबाई. राजधानीतल्या, सोलच्या वाटतं तुम्ही?"

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही.

डुक्कर कापल्यावर त्याच्या मांसातला जनुकीय ऐवज किती वेळ शाबूत राहतो, हा माझा पीएच.डी.चा विषय. तो झटपट नासतो असं धरून आम्ही धावपळ करायचो. म्हणून मग रोज सकाळी चान-उचा ट्रक, उघडी खिडकी, समुद्राचा वारा, संत्र्याच्या बहाराचा वास... माझे केस उडून त्याच्या खांद्यावर जायचे. तो ते बाजूला करायचा नाही.

"पेटी दिवसेंदिवस जड होतेय बरं का," तो चिडवायचा. "आत डुक्कर वाढतंय की काय?"

"तुम्ही रस्त्याकडे बघा."

वसंत सरता सरता निष्कर्ष हाती आला. थंडीत ठेवलेल्या मांसातला ऐवज दुसऱ्या दिवशीही जवळजवळ जसाच्या तसा होता. माझे मार्गदर्शक सर खूश. आता घाई नको म्हणाले, विद्यापीठाची गाडी दुपारी नमुने आणेल. मी हसले खरी, पण म्हणजे सकाळचा ट्रकही संपला.

चान-उला सांगितलं तेव्हा त्यानं ट्रक कडेला घेतला.

"म्हणजे उशीर झाला तरी बिघडत नाही?"

"नाही."

"मग सांगून टाकतो..." त्याचे कान लाल झाले. "सरळ रस्ता डोंगराकडून आहे. मी तुम्हाला रोज समुद्राच्या वळणानं नेत होतो. तुमचं काम बिघडेल म्हणून जीव टांगणीला लागायचा. पण तो सरळ रस्ता फार लवकर संपतो हो."

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी इथलीच आहे, चान-उ. पेटी उगाच का जड व्हायची? लांबच्या रस्त्यात नमुने टिकावेत म्हणून दुप्पट बर्फ भरायचे मी."

मग हळूच त्यानं माझा हात हातात घेतला.

"उद्या पेटी नसेल," तो म्हणाला.

"मी असेन. आणि लांबच्याच रस्त्यानं ने."