मागच्या दारी ऐकलेली मालिका

वाऱ्याने अँटेनाचा बांबू फिरला, बायनाबाईंच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या उरल्या आणि नेमका तेव्हाच श्रावण सायकलवरून चालला होता. भातगिरणीतला फिटर म्हणून मूल गावात त्याला सगळे ओळखायचे. बायनाबाईंनी त्याला थांबवलं.

घरामागच्या सांदवाडीत उंच बांबूवर अँटेना होता. चंद्रपूरकडे तोंड करून धरला की चित्र स्वच्छ, सोडला की पुन्हा मुंग्या.

"आलं... आता हलू नका," बायनाबाईंची मुलगी कांता खिडकीतून म्हणाली.

तो हलला नाही. आत नवी मालिका सुरू झाली होती. एक निवृत्त तपासनीस म्हातारा चपलेची माती, बाहीवरचा केस भिंगाखाली धरून खुनी शोधायचा. श्रावणला फक्त आवाज ऐकू आले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी तो आपणहून आला. तारेने बांबू आवळला असता तर काम भागलं असतं. फिटरला हे कळत नव्हतं असं नाही.

सोमवारी गिरणीच्या वाटेवर कांता त्याला न दिसलेलं सगळं सांगायची... कोण घाबरलं, कोणाचा हात थरथरला. तो आवाजावरून खुनी ओळखायचा आणि दर वेळी चुकायचा.

"ज्याचा आवाज गोड, त्यानंच मारलं असन," तो म्हणे.

"आन् माझा आवाज?"

"अजून ऐकूनच राह्यलो."

ती मान वळवून हसायची. सगळे त्याला श्रावणभाऊ म्हणत. ती मात्र 'भाऊ' म्हणायचं टाळू लागली होती.

मग तिची नेमणूक झाली, एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या शाळेवर. ती जाण्याआधी श्रावणला तिच्याशी एकदा मनातलं बोलायचं होतं. रोज गिरणीच्या घरघरीत तो शब्द जुळवायचा. ती समोर आली की... सायकलच्या घंटीवर बोट फिरवत राहायचा.

त्यातच मालिका बंद पडली. लग्नघरातल्या विषाचा तपास अर्धाच राहिला. त्या रविवारी मालिकेच्या जागी धानावरच्या किडीची माहिती लागली. श्रावण तरीही बांबू धरून उभा होता.

सोमवारी कांता आली. तिने नेहमीसारखी गोष्ट सुरू केली... म्हाताऱ्याने पेल्याचा काठ तपासला, नवरीची मावशी रडली. तो ऐकत राहिला. मध्येच ती अडली.

"मावशीनंच मारलं," तो हळूच म्हणाला.

"काल मालिका लागलीच नाई," ती म्हणाली. "मी मनानं सांगून राह्यली होती."

"मले माहीत आहे. मी सांदवाडीतच होतो ना."

"मग ऐकून काऊन घेतलं?"

"तुमी परवा जाऊन राह्यल्या. अजून कवा ऐकाले भेटन?"

गिरणीचा भोंगा वाजला; तो गेला नाही.

"कांता... मी तिथी आलो तं चालन?"

"काऊन येता? तिथी टीव्हीच नाई."

"तुले पाहाले," तो म्हणाला.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"तिथी याले आलापल्लीले गाडी बदला लागते," ती म्हणाली.